क्रीडासंस्थांचें दप्तर आणि त्यांचें आरोग्य

१. विषयप्रवेश

जुन्या कागदांच्या संग्राहकांस देवस्थानांचीं, घराण्यांचीं आणि सावकारी पेढ्यांचीं दप्तरें परिचयाचीं आहेत. एखाद्या देवस्थानाचा कारभार सुरळीत होता कीं बिघडला होता, याचा निर्णय करतांना आपण त्या काळच्या स्तुतिपर लेखनावर विसंबत नाहीं; रोजकीर्द, खतावणी, ताळेबंद, वहिवाटीचे कागद आणि तंट्यांचे महजर पाहतों. हीच कसोटी खेळांच्या सार्वजनिक संस्थांस लावली असतां काय निष्पन्न होतें, हें दाखविणें हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. विषय प्रथमदर्शनीं संशोधकांच्या कक्षेबाहेरचा वाटेल. परंतु जिमखाना, मंडळ, परिषद आणि महासंघ यांस आपल्या प्रांतांत आतां शंभर वर्षांहून अधिक इतिहास आहे, आणि त्या इतिहासाचीं साधनें आपल्या डोळ्यांदेखत नष्ट होत आहेत.

प्रतिपाद्य थोडक्यांत असें आहे. ज्या संस्थेचें दप्तर संस्थेच्या कचेरींत असतें आणि सभासदानें मागितल्यास त्यास पाहावयास मिळतें, ती संस्था निरोगी समजावी. ज्या संस्थेचें दप्तर कारभाऱ्याच्या घरीं गेलें, ती संस्था रोगी समजावी. मग तिच्या कपाटांत ढाली आणि चषक कितीहि असोत.

येथें एक शंका संभवते. क्रीडासंस्था ही कायद्यानें खासगी मंडळी असते. तिच्या घरगुती कागदांशीं इतरांस काय कर्तव्य? याचें उत्तर खेळांच्या आजच्या रचनेंत आहे. प्रत्येक खेळास जगांत एक आंतरराष्ट्रीय संघ, देशांत एक महासंघ आणि सामान्यतः प्रांतांत एक संघटना मान्य असते. तिनें निवडलेला खेळाडूच प्रांताचा अथवा देशाचा खेळाडू ठरतो. किराणा मालाचें एक दुकान आवडलें नाहीं तर गिऱ्हाईक शेजारच्या दुकानीं जातें. मल्लास तशी सोय नाहीं. एका मंडळीच्या हातीं सर्वांची वाट असली, म्हणजे ती मंडळी नांवानें खासगी असली तरी कार्यानें सार्वजनिक होते. सर्वोच्च न्यायालयानेंहि २००५ आणि २०१५ सालच्या निर्णयांत क्रिकेट नियामक मंडळाविषयीं हेंच धोरण स्वीकारलें: मंडळ हें 'राज्य' नव्हे, पण त्याचें कार्य सार्वजनिक असल्यामुळें तें न्यायालयाच्या अधिकारकक्षेंत येतें.

पटावरील नांवाची किंमत काय असते, हें आमच्या कुंभारीच्या शिवारांत विद्वानांस सांगावें लागत नाहीं. सोलापूर-अक्कलकोट रस्त्यावरील ह्या गांवच्या हद्दींत विडी कामगार स्त्रियांनीं सहकारी संस्था करून दहा हजार घरांची वसाहत उभी केली. ती घरें २००६ सालीं ताब्यांत मिळालीं. सभासदांच्या पटावर नांव आहे कीं नाहीं, हप्ता जमा झाल्याची पावती आहे कीं नाहीं, यांवर घर अवलंबून असतें, हें विडी वळणाऱ्या बाईस पूर्ण ठाऊक असतें. तालमींत जाणाऱ्या तिच्या मुलास मात्र आपल्या जिल्हा संघटनेचा पट कोठें ठेवलेला आहे, हें क्वचितच ठाऊक असतें. पुढील विवेचनाचा रोख ह्या अंतराकडे आहे.

२. पूर्वपीठिका

संस्थेच्या कारभारास मुदत, हिशेब आणि अपात्रता यांचीं बंधनें घालण्याची कल्पना पाश्चात्यांकडून आली, असा एक समज आहे. तो आपल्याच साधनांच्या पुराव्यापुढें टिकत नाहीं.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रांतील अध्यक्षप्रचार ह्या दुसऱ्या अधिकरणांत अक्षपटल, म्हणजे दप्तर व हिशेबतपासणी यांची कचेरी, हा स्वतंत्र विषय आहे. आषाढांत हिशेब मोहोरबंद करून आणावे, ते उशिरा आणणाऱ्यास दंड व्हावा, अशी तेथें व्यवस्था आहे. अपहाराचे चाळीस प्रकार मोजून दाखविले आहेत. प्रत्येक खात्यावर एकाहून अधिक प्रमुख असावेत आणि कोणाचीहि नेमणूक कायमची नसावी, असाहि दंडक सांगितला आहे. अधिकारी लबाड असतोच असें ग्रंथकाराचें म्हणणें नाहीं. लबाडी झाली तर ती कागदावर उमटावी, एवढीच त्याची योजना आहे.

याहून नेमका पुरावा शिलालेखांत आहे. तामिळ देशांतील उत्तरमेरूर येथें वैकुंठ पेरुमाळ मंदिराच्या भिंतीवर पहिल्या परांतक चोळाच्या काळचे, इ. स. ९१९ व ९२१ चे, दोन लेख आहेत. गांवच्या सभेच्या वार्षिक, उद्यान व तलाव या समित्यांवर कोणास घ्यावें आणि कोणास घेऊं नये, याचे नियम त्यांत कोरलेले आहेत. उमेदवाराजवळ करपात्र जमीन व स्वतःच्या जागेवर बांधलेलें घर असावें. वयाची अट पहिल्या लेखांत ३० ते ६० होती. दोन वर्षांनीं ती बदलून ३५ ते ७० केली. गेल्या तीन वर्षांत जो समितीवर होता त्यास पुन्हां घेऊं नये. ज्यानें समितीवर असतां हिशेब दिला नाहीं तो अपात्र, आणि त्याचे नातलगहि अपात्र. कोणकोणते नातलग, हें एकेक करून लिहिलें आहे. पात्र नांवें ताडपत्राच्या चिठ्ठ्यांवर लिहून घटांत घालावयाचीं आणि अजाण मुलाकडून चिठ्ठी काढावयाची, अशी निवड होती.

ह्या लेखांतील विषम भागाकडे डोळेझाक करणें योग्य नव्हे. सभा ब्राह्मणांची होती. जमिनीची व वेदाध्ययनाची अट असल्यानें बहुसंख्य ग्रामस्थ आणि स्त्रिया त्या घटापर्यंत पोंचूंच शकत नव्हत्या. परंतु पुढील विवेचनासाठीं वाचकांनीं तीन गोष्टी ध्यानांत ठेवाव्या: तीन वर्षांचें अंतर, सत्तर वर्षांची मर्यादा, आणि हिशेब न देणाऱ्याची सहकुटुंब अपात्रता.

३. दरबाराकडून जिमखान्याकडे

महाराष्ट्रांत मल्लविद्येचा पोशिंदा दीर्घकाळ दरबार होता. कोल्हापुरास शाहू छत्रपतींनीं बांधविलेलें खासबाग मैदान १९१२ सालचें आहे. संस्थानी आश्रयांत दोष होते. मल्लाचें भाग्य एका माणसाच्या मर्जीवर अवलंबून असे. तरी त्यांत एक गुण होता. खुराक, बिदागी, इनाम यांचा खर्च दरबारच्या खात्यावर पडे आणि त्याची नोंद दरबारी दप्तरांत राही. म्हणून कोल्हापूर किंवा बडोदें येथील मल्लांचा इतिहास आज सप्रमाण लिहितां येतो.

विसाव्या शतकाच्या आरंभीं खेळाचा कारभार सभासदांच्या मंडळांकडे येऊं लागला. पुण्याचा डेक्कन जिमखाना १९०६ सालचा, अमरावतीचें हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ चें, पुण्याचें महाराष्ट्रीय मंडळ १९२४ चें. ह्या संस्थांनीं व त्यांच्या पिढीच्या कार्यकर्त्यांनीं एक मोठें काम केलें: तोंडीं चालत आलेल्या देशी खेळांस लेखी नियम दिले. खो-खोचे नियम लिहून काढण्यांत डेक्कन जिमखान्याचा वांटा मोठा आहे. हुतूतूच्या अखिल भारतीय सामन्यांस बडोद्याच्या हिंद विजय जिमखान्यानें १९२३ सालीं स्थान दिलें. १९३६ सालीं अमरावतीच्या मंडळानें बर्लिनच्या ऑलिंपिक प्रसंगीं देशी खेळांचीं प्रात्यक्षिकें करून दाखविलीं. बडोद्याहून द. चिं. मुजुमदार यांनीं संपादिलेल्या व्यायामज्ञानकोशाचे दहा खंड ह्याच उद्योगपर्वाचें फळ होत.

येथें एक भेद करणें अवश्य आहे. नियम दोन प्रकारचे असतात: खेळाचे नियम आणि खेळ चालविणाऱ्या संस्थेचे नियम. पटांगणाची लांबी, गडी बाद होण्याची रीत, पंचाचा अधिकार यांविषयीं आमच्या वडील पिढीनें केसाकेसाची चिकित्सा केली. अध्यक्षानें किती वर्षें बसावें, सभासद कोणास करावें, हिशेब कोणी तपासावा, यांविषयीं तितकी चिकित्सा झाली नाहीं. तो काळ त्यागाचा होता. पदरमोड करून संस्था चालविणाऱ्यास हिशेब विचारणें उद्धटपणाचें वाटे. पुढें संस्थांकडे अनुदान, मैदानें, प्रवासखर्च, निवडीचे अधिकार आणि जाहिरातीचा पैसा आला. त्यागाच्या काळचा तो संकोच मात्र तसाच राहिला.

४. ऑलिंपिक संघटनेचें उदाहरण

डेक्कन जिमखान्याच्या १९१९ सालच्या शर्यतींतून हिंदुस्थानचे खेळाडू ऑलिंपिकला पाठविण्याचा विचार निघाला. जिमखान्याचे अध्यक्ष सर दोराबजी टाटा यांनीं त्यास बळ दिलें. १९२० सालीं अँटवर्पला चार धावपटू आणि दोन मल्ल असे सहा जण गेले. फडेप्पा चौगुले मॅराथॉन शर्यतींत एकोणिसावे आले. मल्ल रणधीर शिंदे आपल्या वजनगटांत चौथे आले. परदेशी नोंदींत शिंदे यांचें आडनांव 'शिंडेस' अशा रूपांत आढळतें. पाठविणाऱ्या समितीचे मूळ अर्ज व पत्रव्यवहार हातीं असले म्हणजे अशी दुरुस्ती केवळ तर्कानें न करतां प्रमाणानें करतां येते. संस्थेच्या दप्तराचा हा पहिला व निरुपद्रवी उपयोग होय.

१९२७ सालीं भारतीय ऑलिंपिक संघटना स्थापन झाली आणि टाटा तिचे पहिले अध्यक्ष झाले. १९२८ पासून अध्यक्षपद पतियाळाच्या घराण्याकडे गेलें: महाराजा भूपिंदरसिंग १९३८ पर्यंत, यादवींद्रसिंग १९६० पर्यंत, भालिंद्रसिंग १९७५ पर्यंत आणि पुन्हां १९८० ते १९८४. मधलीं पांच वर्षें वगळतां अर्धशतकाहून अधिक काळ देशाच्या खेळांचें सर्वोच्च पद एका घरांत राहिलें. ह्या घराण्यानें खेळांसाठीं खर्च केला व कष्ट घेतले, हें निर्विवाद आहे. परंतु परिणाम असा झाला कीं, दरबारी आश्रयाची रीत संस्थेच्या पोषाखांत पुढें चालली आणि पदाची मुदत हा विषयच कोणास सुचला नाहीं. २०११ च्या राष्ट्रीय क्रीडा विकास संहितेनें वय व मुदत यांच्या अटी ठळकपणें मांडल्या, तेव्हां संघटनांनीं त्यांस सरकारी हस्तक्षेप म्हणून विरोध केला. डिसेंबर २०१२ मध्यें आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीनें निवडणुकीच्या वादावरून भारतीय संघटनेस निलंबित केलें. तें निलंबन फेब्रुवारी २०१४ पर्यंत टिकलें, आणि सोची येथील हिवाळी स्पर्धेच्या उद्घाटनास आपले खेळाडू राष्ट्रध्वजावांचून चालले. दोष कारभाऱ्यांचा, आणि शिक्षा खेळाडूंस. क्रीडाशासनांतील सर्व रोगांचें हें समान लक्षण आहे.

५. एक किताब, दोन गदा

आतां घरचें उदाहरण घेऊं. महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषद मामासाहेब मोहोळ यांच्या पुढाकारानें १९५३ सालीं स्थापन झाली. 'महाराष्ट्र केसरी' हा किताब १९६१ सालीं औरंगाबादेस दिनकर दह्यारी यांनीं प्रथम मिळविला. खेड्यांतील तालमींत घाम गाळणाऱ्या पोरास ह्या गदेपलीकडचें स्वप्न सहसा ठाऊक नसतें.

२०२२ सालीं भारतीय कुस्ती महासंघानें परिषदेची कार्यकारिणी बरखास्त केली. तंटा न्यायालयांत गेला आणि राज्यांत परिषद व संघ अशा दोन संघटना उभ्या राहिल्या. नोव्हेंबर २०२३ मध्यें महाराष्ट्र केसरीच्या दोन स्पर्धा झाल्या: पुण्याजवळ फुलगांव येथें आमच्या सोलापूर जिल्ह्यांतील मोहोळचा सिकंदर शेख विजयी झाला, आणि धाराशिव येथें शिवराज राक्षे. २०२५ सालीं पुनः तेंच. फेब्रुवारींत अहिल्यानगरला पृथ्वीराज मोहोळ, आणि मार्चमध्यें त्याच जिल्ह्यांतील कर्जतला सोलापूरचा वेताळ शेळके. अहिल्यानगरच्या स्पर्धेंत पंचांच्या निर्णयावरून आखाड्यांतच प्रकरण हातघाईवर आलें आणि दोघा मल्लांवर तीन वर्षांची बंदी पडली.

कोणती संघटना खरी, हा प्रश्न न्यायाधिकाऱ्यांचा आहे. संशोधकाचा प्रश्न वेगळा आहे. पन्नास वर्षांनीं कोणी ह्या किताबाची वंशावळ लिहूं लागला, तर एका वर्षीं दोन नांवें पाहून तो गोंधळेल. दोन शाखांच्या दोन वंशावळी व दोन शिक्के समोर आले म्हणजे सनदा व निवाडे मागावे, हें आपण जाणतों. त्यालाहि तेंच करावें लागेल. कार्यकारिणीची निवड कोणत्या सभेंत झाली, त्या सभेची सूचना कोणास गेली, उपस्थिती किती होती, कोणाचीं मतें ग्राह्य धरलीं, हे कागद मिळाले तरच निर्णय होईल. ज्या मल्लानें गदा उचलली त्याच्या पराक्रमांत कांहींच न्यून नाहीं. त्याच्या नांवापुढें भावी इतिहासकारास तळटीप द्यावी लागणार, हें न्यून संस्थांचें आहे. शिवाय नोकरी, मानधन, परदेशची निवड हीं ज्या प्रमाणपत्रावर अवलंबून, त्या प्रमाणपत्राच्या वैधतेचा वाद मल्लाच्या उमेदीचीं वर्षें खातो. मल्लाचीं अशीं वर्षें फार थोडीं असतात.

वरच्या पायरीवरहि हीच अवस्था झाली. जानेवारी २०२३ मध्यें महिला मल्लांनीं दिल्लीस जंतरमंतर येथें धरणें धरून लैंगिक छळाच्या तक्रारी मांडल्या. ह्या तक्रारी रस्त्यावर याव्या लागल्या, एवढ्यावरूनच संस्थेच्या आंत त्या ऐकण्याची भरंवशाची जागा नव्हती असें अनुमान निघतें. त्याच वर्षीं ऑगस्टमध्यें वेळेवर निवडणूक न झाल्यामुळें जागतिक कुस्ती संघटनेनें महासंघास निलंबित केलें, आणि सप्टेंबरांत बेलग्रेडच्या जागतिक स्पर्धेंत अंतिम पंघाल हिनें कांस्यपदक मिळविलें तें राष्ट्रध्वजाखालीं नव्हे, तर जागतिक संघटनेच्या ध्वजाखालीं. कबड्डीचें उदाहरण २०१८ चें आहे. त्या वर्षीं दिल्ली उच्च न्यायालयानें राष्ट्रीय महासंघांतील तहहयात अध्यक्षपद व अध्यक्षपदाची निवड हीं रद्द ठरविलीं आणि कारभार प्रशासकाकडे दिला. ज्या हुतूतूचे नियम आम्ही एवढ्या आस्थेनें लिहिले, त्याच्या संस्थेचे नियम अखेर न्यायालयास वाचून दाखवावे लागले.

६. कायद्याचा उपाय आणि त्याच्या मर्यादा

क्रिकेटमध्यें २०१३ च्या निकालनिश्चिती प्रकरणानंतर सर्वोच्च न्यायालयानें जानेवारी २०१५ मध्यें न्यायमूर्ति लोढा यांची समिती नेमली. तिच्या बहुतेक शिफारशी १८ जुलै २०१६ रोजीं मान्य झाल्या: तीन वर्षांची एक मुदत, प्रत्येक मुदतीनंतर सक्तीचें अंतर, सत्तरीनंतर पद नाहीं, आणि एका राज्यास एक मत. उत्तरमेरूरच्या भिंतीवरील तीन आणि सत्तर हे आंकडे हजार वर्षांनीं दिल्लीच्या निकालपत्रांत यावे, हा योगायोग असेल. पण दोन्हीकडे ओळखलेला रोग एकच आहे.

औषधाची मात्रा पुढें उतरत गेली. ऑगस्ट २०१८ मध्यें सक्तीचें अंतर लागोपाठ दोन मुदतींनंतर, म्हणजे सहा वर्षांनीं, आलें. सप्टेंबर २०२२ मध्यें राज्य संघटनेंत सहा आणि मंडळांत सहा, अशीं बारा वर्षें सलग बसण्याची वाट मोकळी झाली. एका राज्यास एक मत हाहि नियम २०१८ सालीं शिथिल झाला, आणि मुंबई, महाराष्ट्र व विदर्भ ह्या तिन्ही संघटनांचीं मतें कायम राहिलीं. ह्या शेवटच्या बदलास इतिहासाचा आधार आहे. ह्या तिन्ही संघटना आजच्या राज्यसीमेच्या पूर्वींच्या आहेत, आणि त्यांचें खेळांतील कार्य दप्तरांवरून सिद्ध करतां येतें. जुने कागद जपल्याचें फळ कधीं असेंहि मिळतें.

ऑगस्ट २०२५ मध्यें संसदेनें राष्ट्रीय क्रीडा प्रशासन अधिनियम मंजूर केला. राष्ट्रीय क्रीडा मंडळ, तंट्यांसाठीं राष्ट्रीय क्रीडा न्यायाधिकरण, कार्यकारिणींत अधिकांत अधिक पंधरा जण, त्यांत निदान चार स्त्रिया व दोन नामांकित खेळाडू, अशी त्याची रचना आहे. प्रमुख पदांवर लागोपाठ तीन मुदतींपर्यंत राहतां येतें. आंतरराष्ट्रीय संघाचे नियम आड येत नसतील तर सत्तर ते पंचाहत्तर वयाच्या व्यक्तीसहि उभें राहतां येतें. माहितीच्या अधिकाराची कक्षा मात्र सरकारी साहाय्य घेणाऱ्या संस्थांपुरती ठेवली आहे. दप्तर हीच आरोग्याची खूण मानणाऱ्यास ही मर्यादा खटकल्यावांचून राहणार नाहीं. जी संस्था सरकारचा पैसा घेत नाहीं तीहि देशाचें नांव घेतेच.

केवळ बाहेरून आलेला प्रशासकहि संस्थेस निरोगी करीत नाहीं. १५ ऑगस्ट २०२२ रोजीं जागतिक फुटबॉल संघानें भारतीय महासंघास निलंबित केलें. न्यायालयानें नेमलेली प्रशासक समिती हा त्रयस्थांचा हस्तक्षेप, असें कारण दिलें होतें. समिती दूर होतांच अकरा दिवसांत निलंबन उठलें. प्रशासक हा वैद्य होय. वैद्यानें रुग्णाच्या घरांत कायमचें बिऱ्हाड करावें अशी अपेक्षा नसते.

७. पांच कागद

ह्या सर्व उदाहरणांवरून संस्थेची प्रकृति पाहण्यासाठीं पांच कागद पुरेसे होतात.

पहिला, सभासदांचा पट. सभासद वाढले कीं थिजले, नवीन नांवें निवडणुकीच्या तोंडावर एकदम आलीं कीं वर्षभर येत गेलीं, एकाच आडनांवाचीं किती, हें त्यावरून उघड होतें.

दुसरा, इतिवृत्तांची वही. सभेची सूचना, उपस्थितांच्या सह्या, ठराव, सूचक व अनुमोदक, आणि विरोधी मत यांची नोंद पाहावी. वर्षानुवर्षें प्रत्येक ठराव 'सर्वानुमते' मंजूर झाला असेल, तर तें एकोप्याचें चिन्ह असेलच असें नाहीं. पुष्कळदां तें दुसरें कोणी सभेस येत नसल्याचें चिन्ह असतें.

तिसरा, तपासलेला जमाखर्च, आणि त्याच्या जोडीला वस्तूंची यादी. शाळेंत जिला जडसंग्रह नोंदवही म्हणतात तीच ही. माती, गाद्या, चषक, कपाटें, सर्व कांहीं तींत पाहिजे.

चौथा, पदाधिकाऱ्यांची कालानुक्रमें यादी. ही एकाच पानावर मांडली कीं मुदतीचा प्रश्न आपोआप बोलूं लागतो.

पांचवा, तक्रारींची नोंद आणि त्यांवरील निर्णय. ज्या संस्थेंत शंभर मल्ल आहेत आणि दहा वर्षांत एकहि तक्रार नोंदलेली नाहीं, तेथें तक्रारी नाहींत असें समजूं नये; तेथें वही नाहीं असें समजावें.

ह्या पांचांपैकीं कांहींच्या नकला सरकारी कचेरींत सांपडण्याचा संभव असतो. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याप्रमाणें कार्यकारी मंडळाची यादी दर वर्षीं निबंधकाकडे द्यावी लागते, आणि मूळ कायद्यांत दाखल कागद पाहण्याचा अधिकार एक रुपया फी भरून कोणासहि दिला आहे. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याप्रमाणें विश्वस्त बदलले म्हणजे नव्वद दिवसांत धर्मादाय आयुक्तांच्या कचेरीस कळवावें लागतें. त्यास कचेरींत 'चेंज रिपोर्ट' म्हणतात. एकाच संस्थेचे परस्परविरोधी बदल-अर्ज दाखल आहेत असें दिसलें, तर फूट केव्हां पडली याची तारीखच हातीं येते. आमच्या संग्राहकांनीं मोडी रुमालांसाठीं जी चिकाटी दाखविली, तिचा अल्पांश ह्या कचेऱ्यांत खर्च केला तर पुष्कळ सामग्री निघेल.

८. संग्राहकांस विनंती

आमच्या भागांतील एका तालमीच्या (नांव देत नाहीं) जुन्या इतिवृत्तांची वही पाहण्याची इच्छा प्रस्तुत लेखकानें दर्शविली, तेव्हां ती पूर्वींच्या एका कारभाऱ्याच्या घरीं असल्याचें कळलें. तेथें चौकशी केली असतां, घर बांधतांना ती इतर कागदांबरोबर रद्दींत गेली असें उत्तर मिळालें. त्या घरच्यांस दोष देण्याचें कारण नाहीं. त्यांच्या दृष्टीनें तो वडिलांचा कागद होता, संस्थेचा नव्हता. पण कागद कोणाचा याचा विसर पडला कीं संस्था कोणाची याचाहि विसर पडतो, आणि तो विसर वरपर्यंत पोंचला म्हणजे एका किताबाच्या दोन गदा होतात.

म्हणून विनंती अशी आहे. ज्यांच्या संग्रहांत अथवा शेजारीं तालीम, जिमखाना, व्यायामशाळा किंवा जिल्हा संघटना यांच्या घटना, इतिवृत्तें, पावतीपुस्तकें, स्पर्धांच्या भाग्यपत्रिका, पंचांचे अहवाल व पत्रव्यवहार असतील, त्यांनीं त्यांची यादी करावी. मूळ कागद संस्थेकडेच राहूं द्यावे आणि छायाचित्रें घेऊन एक प्रत सार्वजनिक ग्रंथालयांत अथवा संशोधन मंडळांत ठेवावी. कागद कोणाच्या हातून कोणाच्या हातीं आला, हें प्रतीवर टिपावें. हयात खेळाडूंच्या खासगी तक्रारी व पत्ते प्रसिद्ध करूं नयेत. संस्थेचे विद्यमान कारभारी कागद दाखविण्यास राजी असतील तर त्यांचे आभार मानून तशी नोंद करावी; राजी नसतील तर तीहि नोंद तारखेसह करावी, कारण भावी इतिहासकारास तींतून पुष्कळ कळेल. अशा याद्या त्रैमासिकाकडे आल्यास जिल्हावार सूची तयार करण्याचें काम हातीं घेतां येईल. सोलापूर जिल्ह्यापुरतें तें करण्यास प्रस्तुत लेखक तयार आहे.

कुंभारी, ता. दक्षिण सोलापूर.